बॉयलरमध्ये खारं पाणी

आमच्या घरमालकांना मी पहिले चार महिने पोलिसांचा माणूस समजत होते.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरातली गोष्ट. जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला, एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको भाड्याने राहायला गेलो. खाली घरमालक एकटे. सत्तरी ओलांडलेले, उंच, ताठ, आणि खिशात कायम एक छोटी वही. मी कचरा टाकायला खाली गेले की त्यांच्या खिडकीचा पडदा हलायचा. कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात चुकून दह्याच्या डब्याचं झाकण पडलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाकण धुऊन, पुसून आमच्या दारासमोर ठेवलेलं असायचं. चिठ्ठी नाही, काही नाही. नुसतं झाकण. मग ते अंगणात उभे राहून वहीत काहीतरी लिहायचे, आणि मी वरून बघत राहायचे.

"अगं, पेन्शनर आहेत. त्यांना दुसरा उद्योग काय?" नवरा म्हणायचा. तो सकाळी आठला ऑफिसात जायचा आणि संध्याकाळी यायचा, त्याला काय कळणार?

"पेन्शनर पेपर वाचतात. वही घेऊन फिरत नाहीत."

"तू बघतेस म्हणून ते बघतात."

यात तथ्य होतं, पण मी ते कबूल केलं नाही. संशय माझ्या माहेरचा आहे. बाजारातून आणलेली भाजी घरी येऊन पुन्हा तोलणाऱ्या बाईची मी मुलगी. आणि ते दिवसही तसेच होते. न्यूयॉर्कचं प्रकरण होऊन दोन वर्षं झाली होती, पण सावळं माणूस शेजारी बसलं की बसमधली बाई अजून पर्स मांडीवर घ्यायची. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. दोघींना एकमेकींची भीती.

माझा दिवस तर रिकामाच होता. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, मला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात नऊ वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली मी इथे आठवड्यातून दोनदा जर्मनच्या वर्गाला जाऊन "माझी पेन्सिल टेबलावर आहे" असं म्हणत बसले होते. बाकी वेळ खिडकी आणि खालचे घरमालक.

फेब्रुवारीत एका दुपारी बेल वाजली. दारात तेच. टाय लावलेला, बूट चकचकीत, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

"ग्नेडिगे फ्राउ," ते म्हणाले. ही 'बाईसाहेब' थाटाची जुनी हाक इथले तरुण आता मारत नाहीत. "तुम्हाला इंग्लिश येतं?"

झाली चौकशी सुरू, मी मनात म्हटलं. "येतं."

"वाचता येतं? जुनं, हाताने लिहिलेलं?"

"येतं. का?"

"तुम्ही इथे कोणाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय."

इतका खरा आणि इतका उद्धट माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मी त्यांना आत घेतलं. चहा पुढे केला तर त्यांनी आधी त्यातली वेलची हुंगून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझ्या कपातला घोट घेतल्यावरच स्वतः घेतला. म्हणजे संशय दोन्ही मजल्यांवर होता.

डब्यात अमेरिकेच्या एका सरकारी दप्तरातून आलेल्या कागदांच्या प्रती होत्या. कोणाकडून तरी पत्र लिहून घेऊन त्यांनी त्या मागवल्या होत्या. त्यांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. काय प्रकरण आहे ते त्यांनी त्या दुपारी सांगितलं, हिशेबी वाक्यांत, मधे न थांबता.

त्यांचं मूळ गाव बाल्टिक समुद्राजवळचं. आता ते पोलंडमध्ये आहे. तिथे जहाजं बांधायची एक गोदी होती आणि त्यांच्या घरातले सगळे पुरुष त्या गोदीत. अठराशे सत्त्याण्णवच्या सुमारास त्या गोदीने एक टॉर्पेडो बोट बांधली. टॉर्पेडो बोट म्हणजे लांबोडकी, अरुंद, चपळ नौका. मोठ्या युद्धनौकेच्या जवळ गुपचूप जायचं, टॉर्पेडो सोडायचा आणि पळून यायचं, एवढंच तिचं काम. मुंगीने हत्तीच्या सोंडेत शिरावं तसं. ही बोट कोणी मागवलेली नव्हती. शिंपी एखादा कोट शिवून दुकानात टांगून ठेवतो, तशी ती बांधून ठेवली होती. येईल कोणीतरी, घेईल.

आणि अमेरिका आली. तिचं स्पेनशी युद्ध लागायला महिनाही उरला नव्हता. अमेरिकेचे अधिकारी युरोपभर जहाजं शोधत फिरत होते, मिळेल ते घेत होते. ही बोट त्यांनी घाईने घेतली, तिला आपलं नाव दिलं, आपला झेंडा लावला. न्यायची कशी? अमेरिकन माणसं मोजकी. मग गोदीतले आणि बंदरावरचे जर्मन कामगार रोजावर घेतले. त्यात बॉयलरमध्ये कोळसा टाकायला घरमालकांचे आजोबा होते. पंचविशीतले. गावाबाहेर पहिल्यांदाच निघालेले.

"उत्तर समुद्रात बॉयलर निकामी झाले," घरमालक म्हणाले. "बॉयलरला गोडं पाणी लागतं. त्यात समुद्राचं खारं पाणी आलं. बोट कशीबशी रखडत इंग्लंडच्या एका बंदरात पोचली. तेवढ्यात युद्ध जाहीर झालं. इंग्लंड तटस्थ. लढणाऱ्या देशाची बोट ते बाहेर सोडेनात. ती तिथेच अडकली. युद्ध संपलं, तरी ती तिथेच."

"मग?"

"मग तिला एका मोठ्या जहाजावर चढवून अमेरिकेला नेलं."

वरातीच्या घोडीवर बसवायच्या ऐवजी नवरदेवाला पाठुंगळी मारून मांडवात आणावं, तशी ती बोट आपल्या देशात गेली. मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

कोणीतरी दोषी हवा होता. गावात बातमी आली की एका जर्मन कामगाराने मुद्दाम समुद्राच्या पाण्याची झडप उघडली, तो स्पेनला फितूर होता. आणि बोट पुढे नेता येत नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसांत सगळ्यात तरुण, सगळ्यात गरीब कोण, तर त्यांचे आजोबा. गोदीने त्यांना काढून टाकलं. गावाने त्यांचं नाव 'स्पॅनियर' ठेवलं, म्हणजे स्पेनवाला. ते नाव घराला चिकटलं.

"मी तिसरी पिढी," घरमालक म्हणाले. "शाळेत मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही. आजोबा म्हणायचे, मी झडप उघडली नाही. गावात कोणी विश्वास ठेवला नाही. घरातही नाही. माझ्या वडिलांनीसुद्धा नाही."

"आणि तुम्ही?"

त्यांनी डब्याचं झाकण उगाच लावलं, काढलं. "मला जाणून घ्यायचंय. मरायच्या आधी. त्यांनी केलं की नाही केलं. एवढंच."

जाताना मी धीर करून विचारलं, "वहीत काय लिहिता तुम्ही?"

"हवेचा दाब. दिवसातून तीन वेळा." आणि त्यांनी वही उघडून दाखवली. आकडेच आकडे होते. माझा अर्धा विश्वास बसला.

आता माझी पहिली चूक. कागद फार जुनाट वासाच्या डब्यात दुमडून ठेवलेले होते, म्हणून मी ते काढून, सरळ करून एका स्वच्छ फोल्डरमध्ये लावले. डबा त्यांचा, तो परत द्यायला हवा. आणि कोणाचा डबा रिकामा परत देतं का कोणी? निदान साखर तरी घालतो आपण. मी आदल्या दिवशीच बेसनाचे लाडू केले होते, त्यातले आठ भरले आणि त्यांच्या दाराशी ठेवून, बेल वाजवून वर आले.

तीन मिनिटांत जिन्यावर धाडधाड पावलं. चेहरा पांढरा फटक, हातात उघडा डबा.

"कागद कुठे आहेत?"

"आहेत ना, माझ्याकडे."

"मी तुम्हाला कागद दिले. तुम्ही मला हे दिलंत." त्यांनी लाडवांकडे असं पाहिलं की जणू ते पुरावा म्हणून सील करायचे आहेत. "याच्या बदल्यात?"

मी फोल्डर आणला. त्यांनी माझ्या देखत एकेक पान मोजलं, दोनदा. मी डब्याचा रिवाज समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले, "पण तुम्हाला हवंय काय?" काही नको हे त्यांना पटेना. दोन दिवसांनी डबा परत आला. धुतलेला, कोरडा, रिकामा.

मी तशी रागीट आहे. एकदा वाटलं कागद त्यांच्या दारात नेऊन आपटावेत. पण वाचायला सुरुवात केली होती आणि सोडवेना. कित्येक महिन्यांत मला कोणी असं काम दिलं नव्हतं की जे मलाच येतं. पहिल्या गठ्ठ्यात बहुतेक पत्रं रटाळ होती: कोळसा किती, दोरखंड किती. शेवटी एका अमेरिकन खलाशी-मुकादमाची जबानी होती. त्याने लिहिलं होतं की रोजावर घेतलेले जर्मन लोक आळशी होते, दारुडे होते, भरवसा ठेवण्याच्या लायकीचे नव्हते, आणि त्यांच्यापैकी कोणी झडप उघडली असेल तर त्यात नवल नाही.

पाहिलं कोणीच नव्हतं. नुसता वहीम. पण हे वाक्य सत्तरीच्या माणसाला त्याच्या स्वयंपाकघरात बसून कसं सांगायचं?

मी सांगितलंच नाही. म्हणजे सांगितलं, पण आपल्या पद्धतीने. "तो लिहितो की काम फार कष्टाचं होतं, भाषेची अडचण होती, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचा एकमेकांवर हवा तेवढा विश्वास नव्हता." हे बोलताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं. खोटं काही नाही, फक्त काटे काढलेले.

घरमालकांनी पान आपल्याकडे ओढलं. त्यांचं बोट ओळींवरून सरकत सरकत एका शब्दावर थांबलं. ड्रंकन. जर्मन माणसाला हा शब्द कळायला इंग्रजी यावं लागत नाही, त्यांच्या भाषेत जवळजवळ तोच आहे.

"हे काय?"

मी पानाची कड सरळ करायला लागले.

"हे तुम्ही वाचलं नाहीत."

मग सगळंच सांगावं लागलं. आळशी, दारुडे, भरवसा नाही, झडप. ते ऐकत होते. आणि इथे मला एक गोष्ट खटकली, जी मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितली. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट खांदे सैल पडले. "आल्झो," ते म्हणाले, "म्हणजे तसंच." दात दुखत असलेल्या माणसाला डॉक्टरने 'काढावाच लागेल' म्हटल्यावर येतो तसला एक सुटकेचा सूर होता त्यात.

राग आला तो माझा.

"तुम्ही का लपवलंत?"

"लपवलं नाही. हळू सांगितलं."

"हळू म्हणजे काय?"

मी त्यांना माझ्या बाबांचं सांगितलं. या घरात येण्याआधी, आम्ही जर्मनीत येऊन सहाच महिने झाले होते, तेव्हा काकांचा फोन आला होता. "बाबांना जरा बरं नाहीये, जमलं तर निघून ये." बाबा तेव्हा गेलेले होते. मला ते त्या 'जरा'वरून कळलं. मी विमानात बसले ती सुतकातच बसले. आमच्याकडे मरणाची बातमी अशीच देतात. तोंडावर मारत नाहीत.

घरमालकांनी पान फोल्डरमध्ये नीट घातलं. "म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक बातमी आधी चाळून घ्यावी लागते."

"आम्हाला ती ऐकताना चाळता येते."

"मला येत नाही," ते म्हणाले. "मग आतापर्यंत तुम्ही जे वाचून दाखवलंत, त्यात त्यांचं किती आणि तुमचं किती?"

त्यांनी फोल्डर काखेत मारला आणि दार उघडून धरलं. मी माझ्याच शिकवणीतून हाकललेल्या पोरीसारखी वर आले.

"तू ट्रान्सलेटर आहेस की मावशी?" नवरा म्हणाला. "जे लिहिलंय ते वाचायचं. एवढं सिंपल आहे."

"तुझ्या बॉसला तू प्रोजेक्ट लेट आहे असं सांगतोस? 'ऑलमोस्ट डन' म्हणतोस ना?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. आणि मला सांगू का, मला त्या माणसाचाच संशय येतोय. त्यांना आजोबा गुन्हेगारच हवेत."

"आपला आजोबा गुन्हेगार कोणाला हवा असेल?"

"तेच तर मला कळत नाहीये."

उन्हाळाभर आम्ही जिन्यात भेटलो की नुसतं 'ग्र्यूस गॉट' म्हणून नमस्कार करत होतो. दह्याची झाकणं दारासमोर येत राहिली. मी खिडकीतून बघत राहिले. माझ्या डोक्यात नाना तर्क. कदाचित हे आजोबांवर पुस्तक लिहिणार असतील. कदाचित गावाकडच्या जुन्या लोकांच्या मेळाव्यात आजोबांना उघडं पाडून स्वतः साळसूद व्हायचं असेल. घरात एक चोर ठरला की बाकीचे आपोआप साव होतात, हे आपल्याकडेही चालतं. पण मग हा माणूस एवढ्या आटापिट्याने अमेरिकेहून कागद का मागवतो? शेजारपाजारचं मत त्याच्याकडे आधीच होतं की.

ऑक्टोबरात ते पुन्हा आले. टाय, बूट, आणि या वेळी डब्याऐवजी जाड तपकिरी पाकीट.

"दुसरा गठ्ठा आलाय. त्या बोटीवरच्या अमेरिकन इंजिनियरचा अहवाल आहे त्यात." मग पाकीट पुढे करत, "इथल्या सरकारमान्य, शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडे जाणार होतो. पण तो आमच्या जुन्या गावाकडचाच निघाला. त्याचे आजोबा त्याच गोदीत होते."

म्हणजे मी आवडते म्हणून नाही, तो दुसरा जास्त नावडता म्हणून. मी म्हटलं, वाचते.

"अटी आहेत."

अटी अशा. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या टेबलावर बसायचं. एक वाक्य इंग्रजीत मोठ्याने वाचायचं. मग त्याचं जर्मन सांगायचं. घरमालक ते वहीत लिहून घेणार. शंका आली तर जाडजूड शब्दकोश मधे ठेवलेला असेल, तो बघणार. पुढचं पान त्याआधी उलटायचं नाही. चहा नाही, खाणं नाही.

तीन दुपारी आम्ही असे बसलो. वर्गात मी पोरांच्या उत्तरपत्रिका तपासायचे, तशी इथे माझी तपासणी. 'अँड'सुद्धा त्यांनी शब्दकोशात पाहिलं. पण इंजिनियर माणूस लिहायला चोख होता. बोटीची लांबी, बॉयलर, इंजिनं. मग कंडेन्सर. माझी गाडी तिथे अडली, तर घरमालकांनीच आकृती काढून समजावलं: वापरलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं यंत्र. आत पितळी नळ्यांची जुडी. नळ्यांतून समुद्राचं गार पाणी जातं, बाहेरून वाफ. नळी फुटली तर समुद्र बॉयलरमध्ये.

तिसऱ्या दुपारी आम्ही त्या पानावर आलो. मी वाक्य वाचलं, आणि ते जर्मनमध्ये सांगताना माझाच आवाज चढला. इंजिनियरने लिहिलं होतं: इंग्लंडच्या बंदरात कंडेन्सर उघडला तेव्हा त्याच्या अनेक नळ्या फुटलेल्या आढळल्या. काही आधीपासूनच फुटलेल्या होत्या, त्यांत लाकडाच्या गुट्ट्या ठोकून वर चरबी थापलेली होती. समुद्राची झडप मी स्वतः तपासली. ती बंद होती आणि तिच्यावरचं सील शाबूत होतं.

"पुन्हा," घरमालक म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. ते लिहीत नव्हते.

"झडप बंद होती?"

"बंद. सील शाबूत. शब्दकोश बघा."

त्यांनी पाहिला. सील पाहिलं, शाबूत पाहिलं, बंदसुद्धा पाहिलं. "पुढे," ते म्हणाले.

पुढचं वाक्य मला अजून पाठ आहे. बॉयलरवरच्या कामगारांपैकी एका तरुण जर्मनाने, ज्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, पाण्याची चव घेऊन ते खारट लागतंय असं तीन वेळा येऊन सांगितलं होतं. परतीला वळावं म्हणून ही माणसं सबबी काढताहेत, असं समजून आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. ती चूक आमची होती.

घरमालकांनी पेन्सिल खाली ठेवली. आपला डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि मधली दोन बोटं आत दुमडली. "अशी?" ते म्हणाले. "कोणती बोटं ते लिहिलंय?"

"नाही. नुसती दोन."

"तेच ते. गोदीत गेली होती, सोळाव्या वर्षी."

मला इतका आनंद झाला की मी अट विसरून त्यांचा हात धरला. "तुमचे आजोबा खरं बोलत होते! त्यांनी काही केलं नाही. उलट त्यांनीच सांगितलं!"

त्यांनी हात सोडवून घेतला.

"तुम्ही पुन्हा तेच करताय."

"काय?"

"गोड. मला बरं वाटावं म्हणून."

मी चिडले. असं चिडले की माझं जर्मन सगळं गळून पडलं आणि मी दोन वाक्यं मराठीतच बोलले. मग कागद त्यांच्या समोर ठेवला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. हा 'तीन'. हा 'वेळा'. हा 'खारट', तुमच्या शब्दाला मिळताजुळताच आहे, वाचता येतोय ना? हा 'विश्वास', आणि त्याच्या आधी हा 'नाही'. बघा शब्दकोशात. बघा! त्यांनी एकेक शब्द पाहिला. शब्दकोश माझ्या बाजूने होता. मी जिंकत होते, आणि त्यांचा चेहरा मात्र दर शब्दाला उतरत होता. मला काही केल्या अर्थ लागेना.

मग ते बोलायला लागले. माझ्याकडे बघून नाही, शब्दकोशाकडे बघून.

पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियन सैन्य जवळ आलं, तेव्हा गाव रिकामं झालं. आई त्यांना घेऊन निघाली. ते तेरा वर्षांचे. आजोबा बहात्तरचे, त्यांना बर्फातून चालवणार नव्हतं, ते मागे राहिले. निघताना आजोबांनी त्यांना दारात अडवलं. खांद्यावर तो हात ठेवला. म्हणाले, तू तरी ऐकून जा, मी झडप उघडली नव्हती.

"मी म्हणालो, खोटारडे. तुमच्यामुळे मला सगळे स्पॅनियर म्हणतात." त्यांनी शब्दकोश मिटला. "आईने ओढलं, आम्ही निघालो. नंतर त्यांचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही."

बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी सायकल गेली. सगळा उन्हाळा मी ज्याचा छडा लावत होते तो हा असा समोर आला, आणि मला माझीच लाज वाटली. त्यांना आजोबा गुन्हेगार हवे होते, हे माझं बरोबरच होतं. आजोबा खोटे असतील, तर तेरा वर्षांचा तो मुलगा फक्त कडू बोलला होता. आजोबा खरे असतील तर त्याने काय केलं, याला माझ्याकडे शब्द नाही.

"ग्नेडिगे फ्राउ," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "तुम्ही चुकीचं वाचलं असेल. जुनं अक्षर आहे. तसं असू शकतं ना?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते विचारत नव्हते, मागत होते. माझ्या पद्धतीने एक वाक्य मला सहज सांगता आलं असतं. अक्षर पुसट आहे, बोटांचा आकडा नीट लागत नाही, तो दुसराही कोणी असेल. तोंडाशी आलं होतं. आयुष्यभर मी हेच करत आले, आणि मला ते चांगलं जमतं. पण त्या माणसाने तीनदा सांगितलं होतं आणि त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आता शंभर वर्षांनी त्याची बाजू एका कागदावर होती, आणि तो कागद वाचता येणारी त्या खोलीत मी एकटी होते.

"नाही," मी म्हटलं. "तसंच लिहिलंय."

त्यांनी मान हलवली. पेन्सिल उचलली. मी सांगितलेलं जर्मन वाक्य त्यांनी अखेर वहीत उतरवलं, सावकाश, शाळेतल्या मुलासारखं अक्षर काढत. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. मग 'तीन वेळा' यातल्या 'तीन'वर त्यांनी एक आडवी रेघ मारली.

"चूक आहे?" मी विचारलं.

"इंजिनियरला पंचेचाळीसचं माहीत नव्हतं," घरमालक म्हणाले, आणि त्या रेघेच्या वर त्यांनी लिहिलं, चार.